शंभर मिलिलिटरसाठी : दम्याच्या पंपाची चाचणी कशी पार पडते

दम्याच्या नव्या पंपाची चाचणी चालते तेव्हा बहुतेक वेळा सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्याकडे असतं. छाती पूर्ण भरून घेतली आणि जोर लावून सोडली, तर पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते, तो हा आकडा. त्याला एफईव्ही-वन म्हणतात. धडधाकट तरुण पुरुषाचा तो साडेतीन-चार लिटरच्या आसपास असतो. आमच्याकडे येणाऱ्यांचा सकाळी, औषध न घेता, बरेचदा दोन लिटरच्या आतबाहेर भरतो. आणि नवं औषध सरस आहे की नाही हे ठरवताना दोन गटांच्या सरासरीत जो फरक शोधायचा असतो, तो अनेकदा १०० मिलिलिटरच्या घरातला असतो. टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासाएवढा.

अडचण अशी की ओठांच्या कडेने थोडी हवा निसटली, फुंकताना क्षणभर कचरलं, पहाटे दम लागला म्हणून कुणी तातडीचा पंप ओढला, तर १०० काय, दोनशे-तीनशे मिलिलिटर सहज इकडचे तिकडे होतात. १२ वर्षांवरची मुलं आणि मोठी माणसं ज्यांत असतात अशा चाचण्यांमध्ये समन्वयक आणि तंत्रज्ञ म्हणून आम्ही दिवसभर जे करतो, ते जवळजवळ सगळं या कटिंगभर हवेला जपण्यासाठी असतं. ज्यांना ‘चाचणीत येता का’ असं विचारलं गेलं आहे आणि जे या कामात नवे आहेत, त्या दोघांसाठी हे लिहितो आहोत.

सुरुवात कागदांनी होते. माहितीपत्रक मराठीत असतं आणि नैतिकता समितीने मंजूर केलेली तीच प्रत वापरावी लागते. समजावताना आपल्या शब्दांत सांगता येतं, पण कागदावर काटछाट चालत नाही. १२ ते १७ वयाच्या मुलांसाठी दोन सह्या लागतात : आई किंवा वडिलांची संमती, आणि मुलाची स्वतःची लेखी अनुमती. आईवडील तयार आहेत पण मूल नको म्हणतंय, तर ते मूल चाचणीत येत नाही. म्हणून आम्ही मुलाशी थोडा वेळ एकट्याने बोलतो. आईसमोर ‘हो’ म्हणणारा नववीतला मुलगा एकटा असताना विचारतो, ‘क्लासला बुट्टी मारावी लागेल का?’ हा खरा प्रश्न असतो आणि त्याचं खरं उत्तर द्यायचं असतं : हो, काही दिवस मारावी लागेल. अगदी नव्या रेणूची चाचणी असेल आणि सहभागी अल्पवयीन असेल, तर संमतीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरणही करावं लागतं. त्यात समजावणारा आणि समजून घेणारा, दोघांचेही चेहरे आणि आवाज स्पष्ट यायला हवेत. खोलीतला पंखा फुल्ल असला की आवाज जातो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. पंखा बंद करा, मोबाइल बाहेर ठेवा, मग सुरू करा.

प्लासिबो हा शब्द तसाच सांगून उपयोग नसतो. ‘दिसायला, चवीला, आवाजाला अगदी तसाच पंप, पण त्यात औषध नाही, तुम्हाला कोणता मिळेल ते तुम्हालाही माहीत नसेल आणि आम्हालाही नाही,’ असं म्हटल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर कळल्याचं दिसतं. त्याच्या जोडीला लगेच दुसरं वाक्य हवं : तातडीचा पंप सगळ्यांकडे असणार, आणि त्रास वाढला तर चाचणी थांबवून तुमचे नेहमीचे उपचार सुरू होणार. पाळी सुरू झालेल्या मुलींची आणि स्त्रियांची लघवीची गर्भतपासणी होते. हे आधीच, खासगीत, बाई कर्मचाऱ्याने सांगायचं. तपासणीच्या दिवशी अचानक बाटली हातात दिली की त्या मुलीचा आणि तिच्या आईचा आमच्यावरचा विश्वास तिथेच संपतो.

त्यानंतर निवड. साधारणपणे दमा किमान सहा महिने ते वर्षभर जुना असावा लागतो, चालू स्टेरॉईड पंपाची मात्रा महिनाभर बदललेली नसावी, चार आठवड्यांत सर्दी-खोकल्याचं दुखणं छातीत उतरलेलं नसावं, दम्यासाठी कधी व्हेंटिलेटरवर जावं लागलेलं नसावं. धूम्रपानाचा हिशेब काटेकोर करावा लागतो, कारण बिडीने आलेली धाप आणि दम्याची धाप ऐकायला सारखी असली तरी पंपाला सारखी दाद देत नाही. ‘विडी ओढता का’ म्हटलं की ‘सोडली’ असं उत्तर येतं. कधी सोडली, त्याआधी किती वर्षं, दिवसाला किती, हे विचारल्याशिवाय ते उत्तर पुरं होत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो औषधं थांबवण्याच्या यादीत. तपासणीआधी सॅल्ब्युटामॉलचा, म्हणजे तातडीचा पंप किमान सहा तास, दिवसातून दोनदा घ्यायचे दीर्घकालीन पंप साधारण २४ तास, दिवसातून एकदा घ्यायचे त्याहूनही जास्त वेळ थांबवावे लागतात; नेमके तास प्रत्येक चाचणीच्या आराखड्यात दिलेले असतात. पंप लोकांच्या लक्षात राहतो. गोळ्या राहत नाहीत. थिओफिलिनची गोळी ‘ती साधी कफाची’ म्हणून घेतलेली असते, खोकल्याच्या पातळ औषधात सॅल्ब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन असतं, आणि ॲलर्जीच्या गोळीत मॉन्टेलुकास्ट हे दम्याचंही औषध मिसळलेलं असतं. म्हणून आम्ही ‘कोणती औषधं घेता’ असं विचारत नाही. घरातली औषधांची पिशवी जशीच्या तशी घेऊन या, असं सांगतो. पिशवी टेबलावर रिकामी केली की कधी एखादी बिननावाची पुडी निघते, गावाकडच्या कुणीतरी दम्यावर दिलेली. त्यात काय आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं असू शकतं. अशा माणसाला रागावायचं नाही. पुडी एकाएकी बंद केली तर शरीराला धोका होऊ शकतो, तेव्हा त्याला आधी डॉक्टरांकडे न्यायचं आणि चाचणीचा विषय त्या दिवशी बाजूला ठेवायचा.

आणि चहा. कॅफिन हे थिओफिलिनच्याच कुळातलं आहे आणि श्वासनळ्या थोड्याशा उघडतं. थोड्याशा म्हणजे तेवढ्याच, जेवढ्याचा आम्ही शोध घेत असतो. त्यामुळे तपासणीच्या सकाळी चहा-कॉफी बंद. पन्नाशीच्या माणसाला सकाळचा चहा सोडायला लावणं हे चाचणीतलं अवघड काम आहे, आणि ‘एक घोट घेतला फक्त’ हे वाक्य आम्हाला दर आठवड्याला ऐकू येतं. त्यावर उपाय एकच : आदल्या संध्याकाळी फोन, आणि शेवटची फुंक झाल्यावर लगेच गरम चहा समोर. घोट घेतलाच असेल तर खरं सांगा. दिवस बदलता येतो, चुकीचा आकडा बदलता येत नाही.

आता फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री. इथे थोडं थांबायला हवं.

दिवसाची पहिली फुंक माणसाची नसते, तीन लिटरच्या पिचकारीची असते. कॅलिब्रेशनची ही पिचकारी यंत्राला जोडून सावकाश, मध्यम आणि जोरात, अशा वेगवेगळ्या वेगांनी दाबायची. तिन्ही वेळा यंत्राने २.९१ ते ३.०९ लिटरच्या मधला आकडा दाखवला पाहिजे, म्हणजे तीन टक्क्यांची मुभा. रुग्ण फिल्टर लावून फुंकणार असेल तर पिचकारीही फिल्टर लावूनच. पिचकारी आणि यंत्र त्याच खोलीत ठेवायचं. एसीच्या खोलीतून आणून लगेच वापरलं तर तापमानाची दुरुस्ती चुकते, कारण फुप्फुसातली हवा ३७ अंशांची आणि दमट असते आणि यंत्र तिला खोलीच्या तापमानावरून हिशेबात घेतं. पुण्यात जानेवारीच्या सकाळी खोलीचं तापमान नोंदवायला विसरलं की तो संपूर्ण दिवस संशयास्पद होतो. आणि हे लक्षात घ्या : दोन लिटरच्या माणसात तीन टक्के म्हणजे ६० मिलिलिटर. परवानगी असलेली चूकच आपल्या कटिंगचा अर्ध्याहून अधिक ग्लास पिऊन टाकते. म्हणून एकाच रुग्णाच्या सगळ्या भेटी एकाच यंत्रावर घेण्याचा आमचा आग्रह असतो.

माणूस खुर्चीत ताठ बसलेला, पाय जमिनीवर, पट्टा किंवा साडीची गाठ सैल, कवळी घट्ट बसत असेल तर तोंडात आणि सैल असेल तर बाहेर, नाकाला चिमटा. उंची चपला काढून, भिंतीवरच्या मापपट्टीवर, दर वेळी. चौदाव्या वर्षीचा मुलगा तीन महिन्यांत वाढतो आणि त्याबरोबर त्याचा अपेक्षित आकडाही वाढतो. वाढीचा हिशेब केला नाही तर औषधाचं श्रेय उंचीला जाईल किंवा उंचीचं औषधाला.

मग सूचना. ‘जोरात फुंका’ एवढं म्हटलं की लोक गाल फुगवून फुगा फुंकल्यासारखं फुंकतात. आम्ही आधी स्वतः करून दाखवतो, मग म्हणतो : ‘काका, आता श्वास आत... अजून आत... अजून, छाती गच्च भरू द्या... आणि फुंका! फुंका फुंका फुंका, सोडा, अजून थोडी, अजून थोडी...’ आवाज चढवावाच लागतो. आत घेणं आणि बाहेर टाकणं यांत थांबा दोन सेकंदांच्या आतला. सुरुवात धडाक्यात झाली पाहिजे. ती कचरत झाली तर आलेख गोलसर चढतो आणि यंत्र ‘मागे वाढवलेलं आकारमान’, म्हणजे फुंक खरी सुरू होण्याआधीच निसटलेली हवा, जास्त दाखवतं. ते एकूण हवेच्या ५ टक्के किंवा १०० मिलिलिटर, यांतल्या मोठ्या आकड्याच्या वर गेलं की ती फुंक बाद. पहिल्या सेकंदात खोकला आला, बाद. मधेच घसा मिटला की आलेख कात्रीने कापल्यासारखा खाली पडतो, तीही बाद. तोंडाच्या नळीत जीभ आडवी आली की आलेखाचं टोक बसकं दिसतं. तरुण मुलींमध्ये लाजेमुळे हे फार होतं, आणि तेव्हा खोलीतल्या बाकीच्यांनी बाहेर जाणं हाच उपाय असतो.

चांगल्या तीन फुंका हव्यात आणि त्यांतल्या पहिल्या दोन मोठ्या एफईव्ही-वनमध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. मोठ्यांना जास्तीत जास्त आठ प्रयत्न. त्यापुढे ओढून-ताणून काही मिळत नाही. उलट काही दमेकऱ्यांत फुंकण्यानेच नळ्या आवळतात आणि आकडा पायरीपायरीने उतरतो : २.०४, १.९६, १.८५. नवा तंत्रज्ञ याला ‘नीट फुंकत नाही’ समजतो आणि आणखी ओरडतो. ही पायरी दिसली की थांबायचं, छाती ऐकायची, डॉक्टरांना बोलवायचं.

पहिला आकडा मिळाला की सॅल्ब्युटामॉलचे चार फवारे, स्पेसरमधून (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायच्या पोकळ नळकांड्यातून), एकेक करून, मध्ये अर्धा मिनिट सोडून. चारही एकदम स्पेसरमध्ये मारले तर औषध भिंतींना चिकटतं आणि छातीत कमी जातं. पंधरा मिनिटं घड्याळ लावून थांबायचं आणि पुन्हा फुंकायचं. अनेक चाचण्यांचा निकष असा असतो : वाढ किमान १२ टक्के, आणि मोठ्यांमध्ये त्याबरोबर किमान २०० मिलिलिटर. समजा १.८२ लिटर होतं, ते २.११ झालं : २९० मिलिलिटर, जवळपास १६ टक्के, पात्र. १.३०चं १.४८ झालं : टक्के जवळपास १४, पण वाढ १८० मिलिलिटरच, मोठा माणूस असेल तर अपात्र. २.६०चं २.८८ झालं : मिलिलिटर २८०, पण टक्के अकराच्याही आत, अपात्र. तिघांनाही दमा आहे. घरी जाताना त्या दोघांना हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर ‘टेस्टमध्ये दमा निघाला नाही’ असं म्हणून माणूस पंपच बंद करतो. हे घडतं, आणि ते आमच्या हातून घडू नये.

निवड झाली म्हणून लगेच नवं औषध मिळत नाही. दोन ते चार आठवड्यांचा पूर्वकाळ असतो. त्यात रोज सकाळी औषधाआधी आणि रात्री पीक-फ्लो मीटरमध्ये (फुंकेचा सर्वाधिक वेग मोजणाऱ्या छोट्या यंत्रात) तीन फुंका, रात्री किती वेळा जाग आली, तातडीचा पंप किती वेळा ओढला, ही डायरी. ती आता बहुधा मोबाइलसारख्या यंत्रावर असते आणि वेळ गेल्यावर भरता येत नाही. कागदी डायरी असताना शेवटच्या दिवशी एकाच पेनने, एकाच तिरक्या अक्षरात पंधरा दिवस भरलेले यायचे. ते आता थांबलं आहे. नोंदी ऐंशी टक्क्यांच्या खाली गेल्या तर बहुतेक आराखडे त्या माणसाला पुढे घेत नाहीत. हे कठोर वाटतं, पण पूर्वकाळात जो डायरी भरत नाही तो बारा आठवडे पंपही नेमाने ओढत नाही.

पंप ओढणं शिकवायला आम्ही जेवढा वेळ देतो तेवढा दुसऱ्या कशालाच देत नाही. फवाऱ्याचा पंप आणि पावडरीचा पंप यांची रीत अगदी उलटी आहे. फवारा : पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, मग सावकाश आत घ्यायला सुरुवात करून त्याच क्षणी दाबा, चार-पाच सेकंद हळूहळू ओढत राहा, दहा सेकंद रोखा. पावडर : डोस भरा, पंपापासून तोंड बाजूला करून श्वास सोडा, मग एका दमात जोरात आणि खोल ओढा. फवारा जोरात ओढला की औषध घशावर आदळतं. पावडर हळू ओढली की कण सुटे होत नाहीत, कारण त्यांना सोबत मिसळलेल्या लॅक्टोजपासून, म्हणजे दुधातल्या साखरेपासून, वेगळं करायला लागणारी ताकद माणसाच्या ओढण्यातूनच येते. ज्या चाचणीत दोन्ही प्रकारचे पंप असतात, एक खरा आणि एक बिनऔषधाचा, तिथे एकाच माणसाला दोन्ही रीती रोज दोनदा पाळायच्या असतात. तेव्हा चूक झाली तर एका औषधाचा कमीपणा हा फक्त ओढण्याचा कमीपणा असू शकतो.

पावडरीच्या पंपात श्वास सोडला की आत ओल जाते आणि पावडर गोळा होते. कोकणातून किंवा मुंबईहून येणाऱ्यांना जून ते सप्टेंबर हे आवर्जून सांगतो : पंप बाथरूममधल्या कपाटात ठेवू नका, झाकण लगेच लावा, कॅप्सूल ओढण्याच्या क्षणापर्यंत पट्टीतून काढू नका. कॅप्सूलचा पंप असेल तर ओढताना भिरभिर आवाज यायला हवा. नाही आला तर कॅप्सूल अडकली आहे. ओढून झाल्यावर उघडून पाहायची, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायची. कॅप्सूल गिळलेली माणसंही भेटतात. स्पेसर धुतल्यावर फडक्याने पुसायचा नाही. पुसला की प्लास्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि औषध ओढून घेते. साबणाच्या पाण्यात बुचकळून तसाच वाळू द्यायचा. स्टेरॉईडचा पंप ओढल्यावर चूळ भरून टाकायची, गिळायची नाही.

दर भेटीला आम्ही विचारत नाही की ‘नीट घेता ना?’ आम्ही म्हणतो, ‘घेऊन दाखवा.’ घरी दोन आठवडे राहून आलेली रीत थोडी तरी सरकलेली असतेच.

पूर्वकाळ संपला की संगणकावरून चिठ्ठी पडल्यासारखा गट ठरतो आणि आम्हाला फक्त किटचा नंबर कळतो. पहिला डोस आमच्यासमोर. पुढे बहुधा दोन, चार, आठ आणि बारा आठवड्यांनी भेट, दोन-तीन दिवसांच्या अलीकडे-पलीकडे, आणि वेळ मात्र पहिल्या भेटीचीच, तासाभराच्या फरकाने. नळ्या पहाटे सर्वात अरुंद असतात आणि दिवस चढतो तशा उघडतात. पहिल्यांदा आठला आणि शेवटी अकराला फुंकलं तर औषधाशिवायही आकडा सुधारेल.

काही चाचण्यांत पहिल्या दिवशी बारा तास मुक्काम असतो. डोसआधी दोनदा, मग पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, एक, दोन, तीन, चार, सहा, आठ, दहा आणि बारा तासांनी फुंकणं. बारा वेळा, प्रत्येक वेळी किमान तीन, म्हणजे कमीत कमी छत्तीस फुंका. दुपारच्या जेवणानंतरचा आकडा पोट भरल्यामुळे बसतो, म्हणून जेवण हलकं आणि फुंकण्याच्या लगेच आधी नाही. सहाव्या तासानंतर मुलं कंटाळतात आणि कंटाळा आलेखात दिसतो. मोबाइलचा चार्जर, बुद्धिबळाचा पट आणि आराम करायला जागा, हे आमच्या सामानाच्या यादीत फिल्टरच्या शेजारीच लिहिलेलं असतं.

एवढी खटपट का, हे एका गणिताने सांगता येतं. माणसामाणसातल्या बदलाची उलथापालथ, म्हणजे प्रमाण विचलन, ४०० मिलिलिटर धरलं आणि १०० मिलिलिटरचा फरक ९० टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात साधारण ३४० माणसं लागतात. तीच उलथापालथ नीट मोजणीने ३०० वर आणली तर १९० पुरतात. म्हणजे निष्काळजी फुंका घेतल्या तर प्रत्येक गटात दीडशे माणसं जास्त लागतात, त्यांतल्या कित्येकांना तीन महिने बिनऔषधाचा किंवा न पारखलेला पंप ओढायला लावावा लागतो. आमच्या कामातली नैतिकता संमतीपत्रावर सही झाली की संपत नाही. ती त्या पिचकारीत आणि नाकाच्या चिमट्यातही असते असं आम्हाला मनापासून वाटतं.

पण हा आकडा सगळं सांगत नाही, हे दम्याच्या क्षेत्राने फार मोठी किंमत देऊन शिकलं. साल्मेटेरॉल हे नळ्या बराच वेळ उघड्या ठेवणारं औषध एफईव्ही-वन सुधारतं यात शंका नव्हती. तरी १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्मार्ट’ या चाचणीत, १२ वर्षांवरच्या सुमारे २६ हजार लोकांमध्ये, नेहमीच्या उपचारांत साल्मेटेरॉल जोडलेल्या गटात दम्याने १३ मृत्यू झाले आणि प्लासिबोच्या गटात ३. २००३ मध्ये ती थांबवली गेली आणि औषधाच्या वेष्टनावर ठळक इशारा आला. त्या लोकांपैकी पुष्कळजण स्टेरॉईडचा पंप घेत नव्हते. स्टेरॉईड सोबत असेल तर काय, हे पाहायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये कंपन्यांना मोठ्या सुरक्षितता चाचण्या करायला लावल्या. फ्लुटिकासोन हे स्टेरॉईड आणि साल्मेटेरॉल यांच्या एकत्रित पंपाच्या चाचणीत १२ वर्षांवरचे ११,६७९ लोक, २६ आठवडे : दम्याच्या गंभीर घटना एकत्रित पंपाच्या गटात ३६, नुसत्या स्टेरॉईडच्या गटात ३८, आणि दम्याने मृत्यू एकही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये एकत्रित पंपांवरचा तो इशारा काढला गेला. दोन-तीनशे माणसांच्या आमच्या गटांत १०० मिलिलिटर सापडतात. हजारात एखाद्याला होणारं नुकसान सापडत नाही.

२०१८ मध्ये आलेल्या सिग्मा चाचण्यांनी प्रश्नच वेगळा विचारला : सौम्य दम्यात, गरज लागेल तेव्हाच ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल, म्हणजे स्टेरॉईड आणि नळ्या उघडणारं औषध यांचा एकत्रित पंप, ओढला तर? तिथे तीव्र झटकेही मोजले गेले. वर्षाला माणसामागे तीव्र झटके नुसत्या टर्ब्युटालिनवर, म्हणजे तातडीच्या पंपावर, ०.२०, गरजेपुरत्या एकत्रित पंपावर ०.०७. पुढच्याच वर्षी जागतिक मार्गदर्शक सूचनांनी १२ वर्षांवरच्यांसाठी नुसत्या तातडीच्या पंपावर दमा सांभाळायला नको असं सांगितलं. आपल्याकडे ‘रोजच्या पंपाची सवय लागते’ म्हणून तो बंद करून फक्त तातडीचा पंप खिशात ठेवणारे घरोघरी आहेत. त्यांच्यासमोर आम्ही हाच आकडा ठेवतो.

त्रासांची नोंद घेणं हे दर भेटीचं दुसरं मोठं काम. टॉर्च घेऊन तोंडात पाहायचं, टाळूवर पांढरे ठिपके आहेत का. आवाज बसलाय का. हाताला थरथर आहे का. तीन दिवस तोंडाने स्टेरॉईड घ्यावं लागलं किंवा रुग्णालयात जावं लागलं तर तो तीव्र झटका. रुग्णालयात भरती, जीवघेणा प्रसंग किंवा मृत्यू ही गंभीर घटना. ती २४ तासांत नियामकाला, प्रायोजकाला (चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीला) आणि नैतिकता समितीला कळवावी लागते, आणि १४ दिवसांत सविस्तर अहवाल. भरती पंपामुळे झाली नाही, दुचाकीवरून पडून झाली, तरीही. लोक अशी गोष्ट ‘याचा काय संबंध’ म्हणून सांगत नाहीत, तेव्हा आम्ही दर फोनला तोच प्रश्न विचारतो : गेल्या वेळेनंतर कुठल्याही कारणाने दवाखान्यात जावं लागलं का?

प्रश्नावली सहभागीने स्वतः भरायची असते. गेल्या आठवड्यात रात्री जाग किती वेळा आली, या प्रश्नावर मुलगा पेन उचलतो आणि आई म्हणते, ‘अरे, परवा आली होती की.’ कदाचित आईचंच खरं असेल. तरी आईला बाहेर चहाला पाठवावं लागतं, कारण पुढच्या भेटीला ती आली नाही तर उत्तरांचा सूर बदलतो आणि तो बदल औषधाच्या नावावर जातो.

परत आलेल्या पंपाचा आकडाही वाचावा लागतो. बारा आठवड्यांचे पंप अगदी हिशेबशीर रिकामे, पण पीक-फ्लोच्या नोंदी मधल्या आठवड्यात गायब, असं दिसलं की शंका येते. तपासणीच्या आदल्या रात्री फवारे हवेत सोडून पंप रिकामा करण्याची खोड जगभर दिसली आहे. वेळ नोंदवणारी चिप लावलेल्या पंपांनी ती उघड केली. माणसं हे फसवायला करत नाहीत. आपण नीट वागलो नाही याची त्यांना लाज वाटते आणि आम्ही रागावू अशी भीती असते. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो : डोस चुकला तर चुकला म्हणा, त्यासाठी कुणी काही बोलणार नाही. चुकलेला डोस हिशेबात धरता येतो.

वेळापत्रकात ऋतू आणि परीक्षा धराव्या लागतात. दहावी-बारावीच्या मुलाची बाराव्या आठवड्याची भेट मार्चात आली तर ती हुकणार हे ठरलेलं. दिवाळीच्या आठवड्यात घर झाडण्याची धूळ, फटाक्यांचा धूर आणि थंडीची चाहूल एकदम येते. दोन्ही गटांना त्रास सारखाच होतो, पण सगळ्यांच्या आकड्यांत गोंधळ वाढतो आणि मघाचं ३०० पुन्हा ४०० कडे सरकतं. आम्हाला निवड करायची मुभा असेल तेव्हा शेवटची भेट त्या आठवड्यात येऊ देत नाही. औषधांच्या कपाटाचं तापमान रोज दोनदा लिहायचं. मे महिन्यात वीज गेली आणि पारा ठरलेल्या मर्यादेच्या वर चढला, तर त्या कपाटातले सगळे किट बाजूला ठेवून प्रायोजकाचं उत्तर येईपर्यंत एकही वाटायचं नाही, मग समोर रुग्ण बसलेला असला तरी.

शेवटच्या भेटीला बाराव्या आठवड्याची फुंक, रक्ततपासणी, ईसीजी, सगळे पंप रिकामे असोत की भरलेले, परत. कचऱ्यात टाकलेला पंप म्हणजे हिशेबातलं भोक. त्याच दिवशी, जाण्याआधी, डॉक्टर प्रत्येकाचा नेहमीचा पंप लिहून देतात आणि तो सुरू कधी करायचा हे चिठ्ठीवर तारीख घालून लिहितात, कारण चाचणीचा पंप गेला आणि जुना घरी संपलेला, या दोन दिवसांच्या फटीत झटके येतात. आम्ही तो पंप त्यांच्याकडून ओढून दाखवून घेतो. मग आठवड्याभराने फोन : दम कसा आहे, रात्री झोप लागते का, आणि पंप चालू आहे ना.